गाडी परराज्यात नेताय? आधी कागद हलवा

‘रोड टॅक्स एकदा भरलाय की. पावतीवर वनटाइम असं छापलंय. मग परत कशाला भरायचा?’ बदलीच्या दिवसांत वाचकांच्या पत्रांत हा प्रश्न हमखास असतो. कुणी बंगळुरूची नोकरी सोडून पुण्याला आलेले असते, कुणाची मुलगी हैदराबादेत रुजू होताना इथली गाडी सोबत नेणार असते, कुणी दिल्लीची जुनी गाडी स्वस्तात मिळते म्हणून घ्यायला निघालेले असते. गाडीचे पासिंग एका राज्याचे आणि मुक्काम दुसऱ्या राज्यात, एवढेच या सगळ्यांत सारखे असते.

उत्तर थोडक्यात सांगायचे तर ‘वनटाइम’ म्हणजे त्या राज्यापुरते एकदा. वाहनांवर कर लावण्याचा अधिकार राज्यघटनेने राज्यांना दिला आहे. जीएसटी आल्यावरही तो राज्यांकडेच राहिला. त्यामुळे बंगळुरूत भरलेला पैसा कर्नाटकाच्या तिजोरीत जातो आणि महाराष्ट्राला त्यातले काही मिळत नाही. गाडी इथे कायमची आली की महाराष्ट्र आपला कर मागतो, आणि उरलेल्या वर्षांचा कर कर्नाटकाकडून परत मागण्याची सोय तुम्हाला असते. अडचण क्रमाची आहे. नव्या राज्यात आधी भरावे लागते, जुन्या राज्याकडून नंतर मिळते, आणि या दोन्हींच्या मध्ये पाच-सहा कागद असतात. त्यातला एखादा हरवलेला असेल तर पैसे अडकतात. म्हणून सामानाचा ट्रक बोलावण्याआधी हा लेख वाचा.

आधी ठरवा: किती दिवस राहणार?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४६ नुसार एका राज्यात नोंदलेली गाडी देशभर चालते. कलम ४७ सांगते की ती १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथला नवा नंबर घ्यायला हवा. १२ महिने संपल्यावर अर्ज करायला नियमांत ३० दिवसांची मुदत आहे.

गोंधळ होतो तो इथेच. ही १२ महिन्यांची मुदत नंबरसाठी आहे. कर कधीपासून लागू होतो हे ज्या त्या राज्याचा करकायदा ठरवतो. काही राज्ये गाडी आल्याबरोबर कराचा हिशेब मांडू लागतात. कर्नाटकाने २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करून ही मुदत ३० दिवसांवर आणली होती आणि तो वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणून ‘वर्षभर काही करावं लागत नाही’ या ऐकीव माहितीवर विसंबू नका. जिथे जाणार तिथल्या परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर परराज्यातील वाहनांचा नियम एकदा वाचून घ्या.

मग तुमच्यापुढे साधारण चार वाटा उरतात:

- मुक्काम वर्षाच्या आतला असेल तर नंबर बदलू नका. पण गाडी कधी आली याचा पुरावा जपून ठेवा.
- मुक्काम लांबचा आणि गाडी नवी असेल तर जुन्या आरटीओकडून नाहरकत दाखला घ्या, नव्या राज्यात कर भरा, नवा नंबर घ्या आणि जुन्या राज्याकडून परतावा मागा.
- दर दोन-तीन वर्षांनी बदली होत असेल तर बीएच मालिकेचा नंबर मिळतो का ते बघा (तिच्याबद्दल पुढे लिहिले आहे).
- गाडी जुनी झाली असेल तर ती इथेच विकून तिकडे दुसरी घेणे स्वस्त पडते का, याचा हिशेब करा.

घरातल्या कपाटात आधी शोधायचे कागद

माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी गाडीची फाईल म्हणून प्लास्टिकची पिशवी पुढे केली. त्यात विम्याच्या सात वर्षांच्या पॉलिस्या होत्या, सर्व्हिसिंगची बिले होती, मॅटिंगच्या दुकानाची पावतीसुद्धा होती. नव्हते ते फक्त शोरूमचे मूळ बीजक. नव्या राज्यात कर ठरतो तो मूळ किमतीवर आणि ती किंमत दाखवणारा कागद म्हणजे बीजक. ते नसले की किंमत कशी धरायची ते खाते ठरवते, आणि तुमच्या हातात बोलायला काही उरत नाही. त्यांना शोरूमकडून नक्कल मिळाली, पण त्यात तीन आठवडे गेले.

म्हणून हे कागद एकत्र करा, आणि प्रत्येकाचा मोबाइलवर स्पष्ट फोटोही काढून ठेवा:

- आरसी
- शोरूमचे मूळ बीजक
- रोड टॅक्सची मूळ पावती (परतावा मागताना हिच्यावाचून चालत नाही)
- चालू विमा पॉलिसी आणि पीयूसी
- मालकाचे पॅन आणि आधार
- कर्ज असेल तर बँकेचे संमतिपत्र. फिटले असेल तर बँकेची नाहरकत आणि फॉर्म ३५
- नव्या गावचा पत्त्याचा पुरावा: भाडेकरार, वीजबिल किंवा कंपनीचे पत्र

जुन्या गावी उरकायची कामे

ही कामे निघण्याआधीच केली तर सोपी जातात. निघाल्यावर त्यांच्यासाठी रजा टाकून परत यावे लागते.

१. बोजा उतरवा. कर्ज फिटले म्हणजे आरसीवरचे बँकेचे नाव आपोआप जाते, असा पुष्कळांचा समज असतो. तसे होत नाही. बँकेच्या सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ आणि तिचे नाहरकत पत्र आरटीओत दिल्यावरच बोजा उतरतो. बँकेच्या पत्रावर मुदत छापलेली असेल तर ती संपण्याआधी हे काम करा. कर्ज चालू असेल तर बँकेची लेखी संमती घ्या. तिच्याशिवाय गाडीचा नाहरकत दाखला मिळत नाही.

२. चलान भरून टाका. सिग्नल तोडल्याचे, नो पार्किंगचे एखादे ई-चलान तुमच्या नकळत पडून असते. थकीत चलान असेल तर दाखल्याचा अर्ज अडकतो. परिवहन सेवेच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून आधीच खात्री करा.

३. मोबाइल नंबर तपासा. ‘वाहन’ या केंद्रीय प्रणालीत तुमच्या गाडीपुढे जो मोबाइल नंबर नोंदला आहे, त्यावरच ओटीपी येतो. शोरूमच्या माणसाने घाईत स्वतःचा किंवा तुमचा जुना नंबर टाकला असेल, तर पुढचे एकही पान उघडणार नाही.

४. फॉर्म २८ भरा. नाहरकत दाखल्यासाठी हा अर्ज असतो. सोबत चेसिस नंबरची पेन्सिल छाप लागते. चेसिसवर कोरलेल्या आकड्यांवर पातळ कागद किंवा चिकटपट्टी धरून त्यावर आडवी पेन्सिल घासायची, की आकडे पांढरे उमटतात. चार-पाच छापा एकदमच घेऊन ठेवा, कारण त्या नव्या गावीही लागतात. गाडी चोरीची नाही याची पोलीस नोंदींवरून खातरजमा होते आणि त्या राज्याचा कर थकलेला नाही ना, हेही पाहिले जाते.

५. आरटीओचे नाव अचूक लिहा. दाखल्यावर नव्या राज्यातल्या विशिष्ट कार्यालयाचे नाव असते. ‘पुणे’ म्हणून एमएच १२ लिहिले आणि घर निघाले पिंपरी-चिंचवडला, म्हणजे एमएच १४ च्या हद्दीत, की तो दाखला तिथे चालत नाही. मग बदल करून घ्यायला जुन्या कार्यालयाकडे परत जावे लागते. भाड्याचे घर पक्के झाल्याशिवाय अर्ज करू नका, हे सांगायचे कारण तेच.

एक गोष्ट आणखी लक्षात ठेवा. दाखला निघाला की जुन्या राज्यात त्या गाडीची बहुतेक कामे थांबतात. पुढे विचार बदलला तर दाखला रद्द करून घ्यावा लागतो आणि त्यासाठी ‘ही गाडी आमच्याकडे नोंदलेली नाही’ असे नव्या कार्यालयाचे पत्र मागतात. म्हणून ‘असू द्या हाताशी’ म्हणून दाखला काढून ठेवू नका.

गाडी कधी आली, याचा पुरावा

१२ महिने कधीपासून मोजायचे? नव्या राज्यातला अधिकारी म्हणेल, गाडी दोन वर्षांपासून इथेच आहे. तुम्ही म्हणाल, चारच महिने झाले. अशा वेळी शपथेपेक्षा कागद कामाला येतो. पुढीलपैकी दोन-तीन तरी गाडीच्या कप्प्यात असू द्या:

- प्रवासाच्या दिवसाचा फास्टॅगचा उतारा (टोलनाक्याचे नाव आणि वेळ त्यात येते)
- गाडी ट्रकने किंवा रेल्वेने पाठवली असेल तर तिची बिल्टी
- सामान हलवणाऱ्या कंपनीचे बिल
- रुजू झाल्याचे पत्र किंवा भाडेकरार
- त्याआधीच्या महिन्यांतली जुन्या गावची सर्व्हिसिंगची बिले

नव्या आरटीओत काय करायचे?

इथे नव्या नंबरसाठी फॉर्म २७ आणि पत्ताबदलासाठी फॉर्म ३३ भरावा लागतो. सोबत मूळ नाहरकत दाखला, आरसी, विमा, पीयूसी, बीजक आणि पत्त्याचा पुरावा जोडा. अर्जाची सुरुवात ऑनलाइन होते, पण गाडी तपासणीसाठी न्यावीच लागते. निरीक्षक चेसिस आणि इंजिनाचे नंबर कागदाशी ताडून बघतो. चेसिस नंबरावर गंज किंवा ग्रीस बसले असेल तर आदल्या दिवशी गॅरेजमध्ये पुसून घ्या. आकडा नीट वाचता आला नाही तर गाडी परत आणायला सांगतात. गाडीत नियमाबाहेरचे बदल, म्हणजे कर्कश सायलेन्सर किंवा समोर लोखंडी बंपर, असतील तर तेही काढून मगच जा.

मग कर भरायचा. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या नव्या मोटारीसाठी एकरकमी कराचे दर असे आहेत:

- पेट्रोल: १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाख १२ टक्के, त्यापुढे १३ टक्के
- डिझेल: याच टप्प्यांना १३, १४ आणि १५ टक्के
- कंपनीच्या नावावरची किंवा आयात केलेली गाडी: २० टक्के

परराज्यातून आलेल्या जुन्या गाडीला पूर्ण दर लागत नाही. गाडीच्या वयाप्रमाणे खात्याच्या कोष्टकानुसार तो कमी होत जातो. वरच्या यादीतली तिसरी ओळ मात्र पुन्हा वाचा. गाडी स्वतः वापरत असलात, तरी ती तुमच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर असेल तर कर बराच वाढतो; १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला तर जवळजवळ दुप्पट होतो.

इलेक्ट्रिक गाडीला एका राज्यात मिळालेली माफी दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाही. नव्या राज्याचे धोरण आणि त्याची मुदत बघूनच हिशेब धरा.

हिशेब करून बघू

समजा, बंगळुरूत घेतलेल्या पेट्रोल गाडीचे बीजक ८ लाखांचे आहे आणि गाडी चार वर्षांची झाली आहे. कर्नाटकात ५ ते १० लाखांच्या गाडीला १४ टक्के दर असतो. म्हणजे १,१२,००० रुपये तिथे भरलेले, उपकर वेगळा. महाराष्ट्रात तीच गाडी नवी घेतली असती तर ११ टक्क्यांनी ८८,००० रुपये पडले असते.

एकरकमी कर १५ वर्षांचा धरला, तर त्यातली ११ वर्षे उरली. ढोबळ अंदाजापुरते १५ सारखे भाग केले, तर महाराष्ट्रात साधारण ६४,५०० रुपये भरायचे आणि कर्नाटकाकडून साधारण ८२,००० परत यायचे. कागदावर तुम्ही फायद्यात दिसता. पण प्रत्येक राज्याचे कोष्टक वेगळे असते. परताव्याचा आकडा यापेक्षा कमी येईल असेच धरून चाला. शिवाय ६४,५०० आज खिशातून जाणार आणि परतावा यायला वेळ लागणार. तेवढी रक्कम हाताशी ठेवूनच निघा.

हाच हिशेब दिल्लीहून येणाऱ्यासाठी उलटा होतो. दिल्लीत ६ ते १० लाखांच्या पेट्रोल गाडीला ७ टक्केच कर असतो. तिथे भरलेले ५६,०००; त्यातून ११ वर्षांचे ढोबळमानाने ४१,००० परत आले तरी इथे ६४,५०० द्यायचे. ‘दिल्लीची गाडी स्वस्त पडली’ असे म्हणण्याआधी हा फरक किमतीत मिळवून बघा.

नवा नंबर मिळाला, पण काम संपलेले नाही

- नंबर प्लेट: नव्या नंबरची उच्च सुरक्षा प्लेट अधिकृत विक्रेत्याकडूनच बसवा. नाक्यावरच्या दुकानातून रंगवून घेतलेली साधी प्लेट चालत नाही.
- विमा: कंपनीला नवा नंबर आणि नवा पत्ता कळवून पॉलिसीवर तशी नोंद करून घ्या. हे राहिले तर अपघाताच्या दाव्याच्या वेळी कागद जुळत नाहीत.
- फास्टॅग: तो जुन्या नंबराला जोडलेला असतो. बँकेला नवी आरसी द्या.
- कर्ज: चालू असेल तर नव्या आरसीवर बँकेचे नाव नीट आले का ते बघा आणि बँकेला आरसीची प्रत पाठवा.
- लायसन्स: हे बदलण्याची गरज नाही. ते देशभर चालते. पत्ता बदलायचा असेल तर सवडीने बदला.

परतावा: अर्ज केल्याशिवाय मिळत नाही

परतावा आपोआप खात्यात येईल, या समजुतीत पुष्कळांचे पैसे राहून जातात. नव्या राज्यात नोंदणी झाली की जुन्या आरटीओकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. साधारणपणे हे कागद लागतात:

- परताव्याचा विहित अर्ज (प्रत्येक राज्याचा नमुना वेगळा)
- जुन्या राज्यातील कराची मूळ पावती
- नाहरकत दाखल्याची प्रत
- नव्या राज्याची आरसी आणि तिथे कर भरल्याची पावती
- बँक खात्याचा तपशील, रद्द केलेला धनादेश

काही ठिकाणी नव्या राज्यातल्या आरटीओकडून नोंदणीची पडताळणीही मागवली जाते. नवी आरसी हातात पडल्यावर त्याच आठवड्यात अर्ज करा. वर्ष-दीड वर्षाने गेलात तर मुदतीचा प्रश्न निघू शकतो, शिवाय तोवर मूळ पावती कुठे ठेवली तेही आठवत नाही. अर्ज टपालाने पाठवला तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच सांभाळा. त्या गावी विश्वासाचा माणूस असेल तर त्याला अधिकारपत्र द्या.

फिरती नोकरी असेल तर बीएच मालिका

२०२१ च्या सप्टेंबरपासून सुरू झालेल्या या मालिकेत नंबराची सुरुवात नोंदणीच्या वर्षाने होते आणि पुढे ‘बीएच’ ही अक्षरे येतात. राज्य बदलले तरी नवा नंबर घ्यावा लागत नाही. संरक्षण दलातले, केंद्र व राज्य सरकारचे आणि सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांना ती मिळते. खासगी कर्मचाऱ्याला कंपनीकडून फॉर्म ६० भरून घ्यावा लागतो. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला ही सोय नाही.

कराचे दर १० लाखांपर्यंत ८ टक्के, १० ते २० लाख १० टक्के आणि त्यापुढे १२ टक्के असे आहेत. डिझेलला २ टक्के जास्त आणि इलेक्ट्रिकला २ टक्के कमी. हा कर एकदम पंधरा वर्षांचा न भरता दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो. २०२२ च्या डिसेंबरमधल्या दुरुस्तीनंतर नेहमीच्या नंबरची गाडीही या मालिकेत आणता येते.

दोन गोष्टींचा विचार आधी करा. एक, दर दोन वर्षांनी भरण्याची तारीख तुम्हालाच लक्षात ठेवावी लागते. चुकली की दंड सुरू होतो. दोन, गाडी विकताना घेणारा या मालिकेला पात्र नसेल तर त्याला आपल्या राज्याचा नंबर घेऊन तिथला कर भरावा लागतो. तो आकडा तो तुमच्या किमतीतून कापणार, हे गृहीत धरा.

सीमेवर राहणाऱ्यांसाठी

बांद्याला घर आणि पणजीत नोकरी, किंवा चंदगडला शेती आणि बेळगावात दुकान. अशांची गाडी दिवसभर एका राज्यात असते आणि रात्री दुसऱ्या. कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते गाडी सामान्यतः कुठे ठेवली जाते. रोज रात्री एमएच ०७ ची गाडी सिंधुदुर्गातल्या अंगणातच येत असेल, तर गोव्यातल्या ऑफिसखाली ती आठ तास उभी राहते म्हणून जीए पासिंग करण्याची गरज नाही. घराच्या पत्त्याचा पुरावा मात्र गाडीत असू द्या.

उलटा मोह टाळा. तिकडे कर कमी म्हणून मावसभावाच्या पत्त्यावर गाडी घ्यायची आणि वापरायची इथे, हा सल्ला अनेकजण देतात. खोट्या पत्त्याच्या आधारे केलेली नोंदणी रद्द होऊ शकते. केरळात राहून पुदुच्चेरीच्या पत्त्यावर महागड्या गाड्या नोंदवणाऱ्यांवर २०१७ साली गुन्हे दाखल झाले होते, हे ध्यानात असू द्या.

परराज्यातली जुनी गाडी विकत घेताना

- विकणाऱ्याच्या सहीचे फॉर्म २९ व ३० आणि तुमच्या आरटीओच्या नावे काढलेला नाहरकत दाखला हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.
- नव्या राज्यातला कर कोण भरणार आणि जुन्या राज्यातला परतावा कुणाला मिळणार, हे व्यवहाराच्या कागदावर लिहून घ्या. तोंडी ठरले की नंतर दोघेही विसरतात.
- तुम्ही विकणारे असाल तर गाडी गेली म्हणून निर्धास्त राहू नका. अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदीत नाव असलेल्या मालकावर येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. आरसीवरचे नाव बदलेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.
- १५ वर्षांवरची मोटार असेल तर नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्कच १ एप्रिल २०२२ पासून किमान ५,००० रुपये झाले आहे. त्यात पर्यावरण कर आणि तपासणी मिळवली, की स्वस्त वाटणारी गाडी तितकीशी स्वस्त राहत नाही.
- दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन आदेशांमुळे निर्बंध आले. म्हणून तिथल्या जुन्या गाड्या बाहेर विकायला निघतात. नोंदणी किती दिवस शिल्लक आहे ते आधी बघा. जुनी गाडी तिकडे न्यायची असेल तर सध्याचा आदेश तपासल्याशिवाय नेऊ नका.

तुमचे हक्क

- नाहरकत दाखला ३० दिवसांत. अर्ज दिल्यापासून ३० दिवसांत मंजुरी किंवा नकार कळवणे आरटीओवर बंधनकारक आहे. मुदतीत काहीच कळवले नाही तर दाखला दिला गेला असे कलम ४८ मानते. अशा वेळी अर्जाची पोच आणि ‘मला नकार कळवलेला नाही’ असे निवेदन जोडून नव्या राज्यात अर्ज करण्याची तरतूद कलम ४७ मध्ये आहे. म्हणून पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.
- नकाराचे कारण लेखी. ‘साहेब नाही म्हणाले’ हे कारण होत नाही. लेखी कारण मिळाले की त्याविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते.
- मोबाइलवरचे कागद चालतात. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी आणि विमा रस्त्यावरच्या तपासणीत वैध आहेत.
- केवळ परराज्याची प्लेट हा गुन्हा नाही. थांबवले तर वाद घालत बसू नका. आरसी, विमा, पीयूसी आणि गाडी कधी आली याचा पुरावा दाखवा. दंड मागितला तर कोणत्या कलमाखाली ते विचारा. पावतीशिवाय रोख देऊ नका.
- दिरंगाई झाली तर. महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत मिळण्याचा हक्क आहे. परताव्याची फाईल कुठे अडली आहे हे माहितीच्या अधिकारात विचारता येते.

एजंट घ्यावा का?

वेळ नसेल तर जरूर घ्या, त्यात गैर काही नाही. पण सरकारी शुल्क आणि कर स्वतःच्या खात्यातून ऑनलाइन भरा, एजंटाला फक्त त्याची मजुरी द्या. मूळ बीजक आणि कराची मूळ पावती त्याच्याकडे सोडू नका. दाखवून परत घ्या. आणि अर्जावर मोबाइल नंबर तुमचाच टाकायला लावा. त्याचा टाकला गेला तर पुढच्या प्रत्येक ओटीपीसाठी तुम्हाला त्याला फोन करावा लागेल, आणि तो दरवेळी उचलेलच असे नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री

सामान बांधताना गाडीची फाईल खोक्यात टाकू नका. ती हातातल्या बॅगेत ठेवा. उघडून पाच गोष्टी बघा: मूळ बीजक, कराची मूळ पावती, नाहरकत दाखला, चेसिसच्या छापा आणि बँकेचे पत्र. पहिल्या टोलनाक्यावरून पुढे गेलात की फास्टॅगचा मेसेज येईल. तो पुसून टाकू नका. गाडी या राज्यात कधी आली, असे वर्षभराने कुणी विचारले तर त्या मेसेजवरची तारीखच तुमच्या उपयोगी पडेल.